तडा कुठून सुरू झाला? छोट्या विमानांचे अपघात आणि त्यातून मिळणारे धडे

पेण तालुक्यातल्या जोहे गावातून मी पुन्हा तुमच्याशी बोलतोय. मागे घासकामाचा खरखर आवाज येत असेल तर तो शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातला आहे. तो बंद करणं माझ्या हातात नाही आणि खरं सांगायचं तर मला तो बंद करायचाही नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे पाल्हाळ लागलं होतं, ते इथे थोडं छाटलंय.

आजचा विषय एका मेसेजमधून आला. बारावी झालेल्या एका मुलीचा मेसेज होता. तिला पायलट व्हायचंय. आईच्या मोबाईलवर कुणीतरी शेतात पडलेल्या शिकाऊ विमानाचा व्हिडिओ पाठवला आणि घरात विषयच संपला. ती विचारते, "दादा, ही छोटी विमानं खरंच इतकी पडतात का? आणि पडतात तर का पडतात?"

प्रश्न साधा आहे, पण त्यावर एका मुलीचं पुढचं आयुष्य आणि एका घराचे चाळीस-पन्नास लाख रुपये अडकलेत. म्हणून "घाबरू नकोस गं" एवढं बोलून मी मोकळा होणार नाही.

आपल्याकडे काय काय घडलंय

आधी लपवाछपवी नको. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डी गावाच्या शिवारात, सातपुड्याच्या पायथ्याशी एक प्रशिक्षण विमान कोसळलं. प्रशिक्षक गेले, शिकाऊ मुलगी जखमी झाली. रस्ता नाही, स्ट्रेचर नाही. तिथल्या आदिवासी वस्तीतल्या एका बाईंनी अंगावरची साडी सोडून दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून गावकऱ्यांनी मुलीला खाली आणलं.

२५ जुलै २०२२ ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला सेसना १५२ जातीचं विमान शेतात पडलं. शिकाऊ पायलट एकटीच होती. ती वाचली. १८ मार्च २०२३ ला गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून उडालेलं विमान बालाघाटच्या डोंगराळ भागात कोसळलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी, दोघंही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत दोन विमानं पडली, १९ तारखेला एक आणि २२ तारखेला दुसरं. तिथे सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

म्हणजे आईची भीती हवेतली नाही. पण व्हिडिओत फक्त शेवट दिसतो. मोडलेला पंख, जमलेली माणसं आणि खाली कमेंट, "पायलटला चालवता येत नव्हतं". गोष्ट तिथे संपत नाही, उलट शिकण्याची गोष्ट तिथून मागे जायला लागते.

आमच्या गावात हे पटकन समजतं. शाडूच्या मूर्तीला तडा गेला की नवीन पोरगा म्हणतो, "मी नुसती उचलली, मी काही केलं नाही." जुना कारागीर त्याच्याकडे बघतही नाही. तो तडा बघतो. माती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ थापली होती का? सावलीत वाळवायच्या ऐवजी घाईत उन्हात ठेवली होती का? शेवटचा हात कुणाचा लागला यापेक्षा तडा कुठून सुरू झाला, हे त्याला कळायला हवं असतं. कारण पुढच्या दोनशे मूर्ती अजून थापायच्या असतात.

विमान अपघाताची चौकशी नेमकी हेच करते. भारतात हे काम एएआयबी, म्हणजे विमान अपघात अन्वेषण ब्युरो करतो. तो २०१२ मध्ये, डीजीसीएपासून वेगळा काढून स्थापन झाला. त्याच्या अहवालाचा उद्देश नियमातच लिहिलाय: पुन्हा असा अपघात होऊ नये, एवढंच. कुणाचा दोष, किती शिक्षा, हे त्याचं काम नाही. सगळ्या जगात हीच पद्धत आहे. अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतात, फुकट. आपण मात्र रील बघतो.

हे विमान असतं तरी कसं?

पिस्टन इंजिन म्हणजे तुमच्या बाईकचंच इंजिन, मोठ्या भावासारखं. सिलिंडर, पिस्टन, स्पार्क प्लग, पेट्रोल. सेसना १५२ मध्ये चार सिलिंडरचं, साधारण ११० अश्वशक्तीचं इंजिन असतं. दोन माणसं, इंधन, सामान धरून हे विमान उडताना जेमतेम साडेसातशे किलो भरतं.

बाईकपेक्षा एक मोठा फरक म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि ठिणगी पाडणाऱ्या दोन वेगवेगळ्या यंत्रणा. एक गेली तर दुसरी चालू राहते. उडण्याआधी पायलट एकेक बंद करून दोन्ही तपासतो.

भारतात व्यावसायिक पायलटचं लायसन्स मिळवायला २०० तास उडावं लागतं. त्यातले बरेचसे तास याच विमानांत जातात. म्हणजे इंजिन एक, विमान हलकं, पायलट नवखा आणि कधी कधी एकटा. मोठ्या विमानात दोन पायलट, दोन इंजिनं आणि मागे अख्खी कंपनी उभी असते. इथे चूक पकडणारा दुसरा माणूस नसतो. म्हणून छोट्या विमानाचे धडे वेगळे शिकावे लागतात. त्यातले पाच आज बघू.

धडा पहिला: पेट्रोल

हसू नका. जगभरात छोट्या विमानांची इंजिनं बंद पडतात, त्यात इंधन हे अगदी नेहमीचं कारण आहे. इंजिन चांगलं असतं, त्याला पेट्रोल पोचत नाही.

याचे तीन प्रकार. एक, पेट्रोल खरंच संपलं. दोन, एका टाकीत आहे पण कॉक दुसऱ्या, रिकाम्या टाकीवर आहे. तीन, पेट्रोलमध्ये पाणी.

'कंट्री रोड्स'वाला गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात असाच गेला. विमान घरी बांधता येणाऱ्या प्रकारचं आणि त्याला नवीन होतं. टाकी बदलायचा कॉक बसवला होता पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे. चालू टाकी संपत आली, तो कॉक फिरवायला मागे वळला, वळताना पाय पेडलवर दाबला गेला आणि विमान समुद्रात गेलं. आता सांगा, तडा कुठून सुरू झाला? वळला तिथून? की कॉक तिथे बसवला तिथून? की निघताना टाकीत कमी पेट्रोल असूनही भरून घेतलं नाही तिथून? तिन्हीपैकी एक जरी गोष्ट वेगळी असती तर तो घरी गेला असता.

पाण्याचा मामला आपल्या पावसाळ्यात जास्त महत्त्वाचा. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून टाकीच्या तळाशी बसतं. उडण्याआधी पायलट टाकीच्या खालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढतो. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. तळाला वेगळा, बिनरंगी थेंब दिसला की ते पाणी. दोन मिनिटांचं काम आहे. काट्यावर विश्वास न ठेवता टाकी उघडून आत पट्टी घालून बघणं, हे आणखी दोन मिनिटांचं.

धडा दुसरा: भर उन्हाळ्यात बर्फ

हे ऐकून मी स्वतः चक्रावलो होतो. बाहेर २५ अंश तापमान, घामाने शर्ट चिकटलेला आणि इंजिनात बर्फ!

जुन्या बाईकमध्ये कार्ब्युरेटर असायचा. बऱ्याच छोट्या विमानांत तो अजून असतो. त्यात हवा एका अरुंद गळ्यातून जाते, दाब कमी होतो, पेट्रोलची वाफ होते. वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता खेचतं. हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं ना, तसंच. तापमान वीस-तीस अंशांनी खाली येऊ शकतं. हवा दमट असेल तर त्यातली वाफ त्या गळ्यातच गोठते आणि हवेचा रस्ता बुजवते. दमट हवेचं आपल्या कोकणाला कुणी नव्याने सांगायला नको.

त्यावर उपाय आहे. गरम हवा आत सोडणारी एक दांडी असते. ती ओढली की बर्फ वितळतो. पण गंमत बघा, वितळलेलं पाणी इंजिनातून जाताना इंजिन काही क्षण आणखी अडखळतं. नवखा माणूस घाबरतो, "अरे, बिघडलं!" म्हणून दांडी परत ढकलतो आणि चालू असलेला उपाय बंद करतो. हे पुस्तकात आधी वाचलेलं असेल तर हात थांबतो. नसेल तर थांबत नाही. दुसऱ्याच्या अपघातातून शिकणं म्हणजे हाच थांबलेला हात.

धडा तिसरा: मागे फिरू नका

उड्डाण घेतलं, पाचशे फुटांवर इंजिन बंद पडलं. मागे सुंदर धावपट्टी, पुढे शेतं. मन काय म्हणतं? मागे फिर. यातच कितीतरी माणसं गेली आहेत.

का, ते समजून घ्या. पंख विमान उचलतो तो हवेला ठरावीक कोनात कापत असतो म्हणून. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा थोडा तिरका केला की हात वर उचलला जातो. जास्तच तिरका केला तर उचलणं थांबतं, हात नुसता मागे फेकला जातो. (प्रयोग करून बघू नका, कंडक्टर ओरडेल आणि बरोबरच ओरडेल.) पंखाचं असं झालं की त्याला स्टॉल म्हणतात. हा स्टॉल इंजिनाचा नाही, पंखाचा.

वळताना पंखावर भार वाढतो. विमान ६० अंश कलवून उंची राखत वळलं तर भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाला स्टॉल होतो तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे सरळ जाताना जो वेग पुरेसा होता तोच वळताना अपुरा पडतो. त्यात इंजिन बंद, उंची कमी, जमीन जवळ येतेय, म्हणून घाबरून नाक वर ओढलं जातं. एक पंख आधी सुटतो, विमान गिरकी घेतं, आणि सावरायला खाली जागाच उरलेली नसते.

म्हणून शिकवतात: नाक खाली, वेग राखा, समोर किंवा थोडं डावं-उजवं जे बरं दिसेल तिथे उतरा. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं पडत नाही. हजार फुटांवरून असं विमान अडीच किलोमीटरच्या आसपास तरंगत जाऊ शकतं. शेतात उतरलेलं, चाक मोडलेलं विमान बातमीत वाईट दिसतं. पण त्यातली माणसं बरेचदा चालत बाहेर येतात. विमान मोडलं तर मोडू द्या, ते नवीन आणता येतं.

धडा चौथा: फुगडी आणि ढग

फुगडी घालून थांबलात की जमीन फिरत राहते ना? कानाच्या आतल्या द्रवामुळे ते होतं. तोच द्रव ढगात पायलटला फसवतो. बाहेर काहीच दिसत नसेल आणि विमान हळूहळू कलत असेल, तर कान सांगतो, "सगळं सरळ आहे." पायलट कानावर विश्वास ठेवतो आणि विमान गोल गोल खाली जातं.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये यावर प्रयोग झाला. फक्त उपकरणांवर उडवण्याचं शिक्षण नसलेले २० पायलट घेतले आणि ढगात शिरल्यासारखी परिस्थिती त्यांच्यासमोर उभी केली. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

१६ जुलै १९९९ च्या रात्री जॉन एफ. केनेडी ज्युनिअर समुद्रावरच्या धूसर हवेत असाच गेला. विमान पिस्टन इंजिनाचं पायपर, बरोबर पत्नी आणि मेहुणी. विमानात बिघाड सापडला नाही. क्षितिज दिसत नव्हतं, एवढंच.

आपल्याकडे पावसाळ्यात कर्नाळ्याचा सुळका सकाळी दिसतो आणि पाच मिनिटांत गायब होतो. अशा हवेत "जाऊन तर बघू" म्हणणारा धाडसी नसतो. ढग दिसला की वळून परत येणारा पायलट कुणाच्या रीलमध्ये येत नाही, पण जेवायला घरी येतो.

धडा पाचवा: तारा

२६ एप्रिल २०१७ रोजी गोंदियाहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान वैनगंगेवर कोसळलं. नदीवर आडवी ताणलेली रोपवेची तार त्याला लागली. दोघं गेले. तार हवेतून दिसत नाही, खांब दिसले तर दिसतात. नदी, दरी, रस्ता जिथे आहे तिथे तार असणार, असं धरूनच चालायचं. खाली उडण्याची मजा घेण्याइतकी उंची स्वस्त नाही. उंची म्हणजे वेळ आणि वेळ म्हणजे चूक दुरुस्त करण्याची संधी.

धडा कागदावर राहत नाही तेव्हा

तुम्ही म्हणाल, दादा, शिकून पुढे होतं काय? दोन जुन्या गोष्टी सांगतो.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले, हे आपल्याला माहीत असतं. ते आले पस मॉथ या एक इंजिनाच्या छोट्या विमानाने. पण त्याच सुमाराला, १९३० ते १९३३ या काळात, जगात वेगवेगळ्या ठिकाणी काही पस मॉथ हवेतच मोडली होती. "पायलटने जोरात ओढलं असेल" म्हणून विषय मिटवता आला असता. तसं झालं नाही. इंग्लंडमध्ये तपास झाला. खराब हवेत पंखाच्या आधाराच्या दांड्या कमी पडतात, असं निघालं. दांडी मजबूत केली, एक जादा दांडी लावली. कुणाच्या तरी मरणाचा हिशेब त्या जादा दांडीत आहे.

दुसरी गोष्ट ३० ऑक्टोबर १९३५ ची. अमेरिकेत बोइंगचं एक नवं, चार इंजिनांचं लष्करी विमान चाचणीत उडालं आणि लगेच कोसळलं. शेपटीचे भाग जमिनीवर वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. पायलट अतिशय अनुभवी होता. त्यावरून निष्कर्ष काय निघाला? 'आणखी हुशार पायलट आणा' असा नाही. निष्कर्ष निघाला की एवढं सगळं कुणाच्याच डोक्यात राहणार नाही, कागदावर लिहा. तिथून चेकलिस्ट रूढ झाली. आज बारामतीतली अठरा वर्षांची विद्यार्थिनी मांडीवर जो कागद ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचते, तो तिथून आलाय.

मग, जायचं की नाही?

"छोटी विमानं पडतात का?" याचं माझं उत्तर: पडतात. पण बहुतेक वेळा नव्या कारणाने पडत नाहीत. जुनी, माहीत असलेली, लिहून ठेवलेली कारणंच परत येतात. हे दुःखाचं आहे आणि दिलासा देणारंही आहे, कारण माहीत असलेल्या गोष्टीची तयारी करता येते.

म्हणून फ्लाइंग स्कूल निवडताना नुसती फी आणि पुढे नोकरी किती जणांना लागली, एवढंच विचारू नका. आई-बाबांना घेऊन जा आणि हे विचारा:

- गेल्या काही वर्षांत तुमच्याकडे काय अपघात झाले आणि त्यानंतर तुम्ही काय बदललं? "आमच्याकडे कधीच काही झालं नाही" यापेक्षा "हे झालं, मग आम्ही हे बदललं" हे उत्तर मला जास्त आवडेल.
- हवा खराब वाटली म्हणून विद्यार्थ्याने उड्डाण रद्द केलं तर त्याला बोलणी बसतात का? पैसे कापले जातात का?
- विद्यार्थ्याने स्वतःहून चूक सांगितली तर काय होतं? शिक्षा होत असेल तर पुढचा विद्यार्थी सांगणार नाही आणि तडा तसाच आत राहील.
- विमानांची देखभाल कुठे होते, कोण करतं, मला बघता येईल का?

डीजीसीएने २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे, तीही बघा. हे प्रश्न विचारल्यावर समोरचा चिडला, तर तेही एक उत्तरच आहे. शिवाय हे प्रश्न तुम्ही विचारताय, हे आईने शेजारी बसून ऐकलं, तर तिची निम्मी भीती तिथेच कमी होईल. "काही होत नाही गं" या वाक्याने ती कधीच कमी होत नाही.

आणि ज्यांना पायलट व्हायचं नाही, त्यांच्यासाठी एकच. पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की 'कुणाची चूक' असं लिहून पुढे पाठवू नका. त्या विमानातल्या मुलाच्या घरचेही तोच व्हॉट्सअॅप वापरतात. थांबा. अहवाल येऊ द्या. आला की उघडून वाचा, शेवटी शिफारशींचं पान असतं, ते आधी वाचा. इंग्रजी आहे, पण अवघड नाही. अडलं तर मला पाठवा, आपण मिळून वाचू.

पुढच्या भागात भेटूच. तोवर गाडीत पेट्रोल किती आहे ते काट्यावर नको, टाकी उघडून बघा!